हाड धरेपर्यंत

माझ्या वडिलांना आईशिवाय कुणाचंच बोलणं कळत नसे. हे कौतुकानं सांगत नाही, ते खरंच तसं होतं. अण्णांची उमेदीची सगळी वर्षं खडीच्या क्रशरवर गेली. डोंगर फोडायचा, दगड मशीनच्या तोंडात सोडायचा, खाली खडी पडताना बघत उभं राहायचं, एवढंच काम. पण ते मशीन असं गर्जायचं की शेजारच्या माणसाशी बोलायचं तर त्याच्या तोंडाकडे बघावं लागे. तिथंच त्यांचे कान हळूहळू गेले आणि मी शाळेत असतानाच पुरते गेले. पुढे कानाचं मशीन आणलं. ते लावल्यावर त्यांना पुन्हा क्रशरच ऐकू यायला लागला. त्यांनी ते काढून माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाले, "हे तुलाच ऱ्हाऊ दे."

आईचं तोंड मात्र त्यांना वाचता येई. अक्षरओळख नव्हती, शाळेत नाव घातलं होतं तेवढंच. पण आईच्या ओठांवरचा एक शब्द त्यांच्या नजरेतून सुटत नसे. ती त्यांच्या दंडाला हात लावायची, ते मान वर करायचे आणि ती आवाज न काढता बोलायची. ऐकूच जात नाही तर घसा कशाला फोडायचा, असं तिचं म्हणणं. त्यामुळे आमच्या घरात भांडणंसुद्धा मुकी होत. आई चुलीशी बसून ताडताड ओठ हलवायची, आणि मध्येच अण्णांचा क्रशरवर वाढलेला आवाज यायचा, "आता येवढं बोलायला काय झालं?" शेजाऱ्यांना वाटायचं हा माणूस एकटाच भांडतो. सगळ्या आळीत अण्णा तापट आणि आई सोशिक म्हणून प्रसिद्ध होती. खरी गोष्ट नेमकी उलटी होती आणि आईनं ती कधी दुरुस्त केली नाही.

आम्हाला अण्णांना काही सांगायचं असलं की आम्ही आईला सांगायचो. माझं लग्न ठरलं ते तिनंच त्यांना सांगितलं, आणि मी नवऱ्याचं घर सोडून परत आले तेही तिनंच. ती सांगत होती तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून भांडी पुसत होते. तिनं ते कुठल्या शब्दांत सांगितलं मला माहीत नाही. मग पाठीमागून अण्णांनी विचारलं, "जेवली का ती?" नंतर मला हिंजवडीत एका कंपनीत नोकरी लागली, जांब्यात मी भाड्यानं खोली घेतली, आणि रविवारी आमच्या गावी, चांद्याला, घरी जाऊ लागले. धाकटा भाऊ नाशिककडे नोकरीला. घरात ती दोघंच.

आईचे दात हलायला लागले तेव्हा तिनं ते कुणाला सांगितलं नाही. आमच्याकडे दात पडणं म्हणजे केस पिकण्यासारखं, त्याची कुणी तक्रार करत नाही. एकेक करून वरचे सगळे गेले. मग कवळी करून आणली. ती कवळी म्हणजे एक शिक्षाच होती. आईनं तोंड उघडलं की ती खाली घसरायची, मग आई अंगठ्यानं ती वर दाबून धरायची आणि तशीच बोलायची. हाताच्या आडचं बोलणं अण्णांना कसं दिसणार? कवळी काढून ठेवली तर वरचा ओठ आत जायचा आणि सगळे शब्द एकसारखेच दिसायचे.

सुरुवातीला अण्णा "काय?" म्हणायचे. मग "पुन्यांदा सांग" म्हणायला लागले. आई पुन्हा सांगायची, तिसऱ्यांदा सांगायची, तिला राग यायचा, आणि रागानं बोललेलं तर मुळीच कळायचं नाही. एका रविवारी मी बघितलं, आई काहीतरी म्हणाली आणि अण्णांनी नुसती मान हलवली. ती मान मला चांगली ओळखीची होती. माझ्याशी आणि सगळ्या जगाशी ते तशीच मान हलवत, कळलं नाही पण असू दे म्हणून. आईशी त्यांनी असं कधी केलेलं नव्हतं. तिनंही ते बघितलं, आणि ती उठून मागच्या दारी गेली.

पुढच्याच आठवड्यात ती रिक्षानं एकटी माझ्या खोलीवर आली. पाणीसुद्धा न पिता म्हणाली, "मला पक्कं दात बशिवायचं हायेत."

मी चेष्टा केली. "कुणाच्या लग्नात मिरवायचंय?"

"त्यांना माजं बोलनं कळंना झालंय," ती म्हणाली. "मानूस सबंध दिवस गप बसून ऱ्हातं. मी काय म्हनते ते त्यांना कळलं पायजे."

गावाशेजारच्या नांद्याला एक दाताचा दवाखाना होता. तिथं पूर्वी भाताची खाचरं होती, आता उंच इमारती आहेत आणि खाली दुकानांची रांग. दवाखान्याच्या काचेवर दात दाखवत हसणाऱ्या एका गोऱ्या बाईचं पोस्टर होतं. ते बघून आई म्हणाली, "हिला कशाला दवाखान्यात बसवलंय, हिचं तर सगळं शाबूत हायेत." डॉक्टर तरुण मुलगी होती, नागपूरकडची. "दुखून राहिलं का काकू?" असं विचारायची. आईला तिची भाषा फार आवडली. घरी येऊन ती अण्णांना तशीच करून दाखवणार होती, आणि मग तिच्या लक्षात आलं की अण्णांना ते दिसणार नाही.

डॉक्टरनं जबड्याचा फोटो काढला आणि पडद्यावर दाखवला. दात गेले की दात धरून ठेवणारं हाड आपोआप झिजत जातं, म्हणाली. आईचं वरचं हाड इतकं पातळ झालं होतं की कवळी बसायलाही त्यावर जागा नव्हती. पक्के दात लावायचे तर हाडात स्क्रू बसवावे लागतात, आणि स्क्रू धरायला हाड तर पाहिजे. म्हणून आधी हिरडी उघडून तिथं हाडाची भुकटी भरायची, वरून पातळ पडदा घालून शिवायचं आणि थांबायचं. शरीर त्या भुकटीत आपलं स्वतःचं हाड तयार करतं. हाडानं धरलं की मग स्क्रू, स्क्रूंनी धरलं की मग दात.

"घराला जोतं घालत्यात तसं," आई म्हणाली.

"अगदी तसं, काकू."

"मंजी कवा व्हईल?"

डॉक्टर म्हणाली, सगळं नीट झालं तर पुढच्या वर्षी याच सुमारास.

"आन तवर त्यांनी काय करायचं?"

"कोणी?" डॉक्टरनं विचारलं. मी म्हटलं, काही नाही, तुम्ही पुढचं सांगा.

भुकटी कशाची, हेही आईनं विचारून घेतलं. जनावराच्या हाडाची असते, देणगीत दिलेल्या माणसाच्या हाडाची असते, कारखान्यात बनवलेलीही असते. काकूंना काय चालेल? आई जन्मभर मटण खात आलेली, पण तोंडात कायमचं कुणाला बिऱ्हाड द्यायचं म्हटल्यावर ती विचारात पडली. "मेलेल्या मानसाचं नको बाई," ती म्हणाली. "कुनाचं कोन, माज्या तोंडातनं काय बोलंल सांगता येत न्हाई." शेवटी कारखान्याची भुकटी ठरली. खर्चाचं भाऊ बघणार होता.

मग डॉक्टरनं नेहमीचे प्रश्न विचारले. साखर आहे का, रक्तदाब आहे का, औषधं कुठली चालू आहेत. "तंबाखू, खर्रा, गुटखा, सिगारेट?"

आई लाजून हसलीच. "अवो काय बी काय. आमच्यात बाया न्हाई खात."

खालचे दात काळपट दिसत होते. ते बघून डॉक्टरनं विचारलं, चहा फार पिता का? "लई," आई म्हणाली. डॉक्टरनं ते लिहून घेतलं.

इथं आमच्या गावाबाहेरच्यांना एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडच्या जुन्या बायका मिश्री लावतात. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटून वस्त्रगाळ करायची, आणि बोटानं हिरड्यांवर चोळून तोंडात धरून बसायचं. सकाळी उठल्याबरोबर, दुपारी काम उरकल्यावर, संध्याकाळी दिवेलागणीला. याला तंबाखू खाणं म्हणालात तर बाया तुम्हाला वेड्यात काढतील. तंबाखू पुरुष खातात, चुना लावून मळून, आणि भिंतीवर थुंकतात. मिश्रीनं दात घासतात. दात दुखला की मिश्री, हिरडी सुजली की मिश्री, पोट साफ होत नाही तरी मिश्री. माझ्या आजीनं लावली, आईनं सासरी आल्यावर लावली, आणि त्या खुर्चीत बसून ती खोटं बोलत नव्हती. माझ्याही मनात त्या क्षणी मिश्री आली नाही. घरात रोज चहा होतो तशी ती होत असे.

आणि आईची मिश्री अण्णा भाजत. तंबाखू भाजताना जी खाट, म्हणजे झोंबणारा धूर, उठते ती आईला सोसायची नाही, खोकून खोकून डोळ्यांतून पाणी यायचं. लग्न होऊन आली त्या पहिल्याच वर्षी अण्णांनी तिच्या हातातला तवा घेऊन मागच्या दारी तीन दगड मांडले, आणि तेव्हापासून ते काम त्यांचं झालं. पौडच्या बाजारातून पान निवडून आणायचे, एका बैठकीत भाजायचे, कुटायचे, तिच्या जुन्या पातळाच्या फडक्यातून गाळून डबी भरायचे. बायकोची मिश्री भाजणारा नवरा गावात दुसरा नव्हता. लोक त्यांना त्यावरून चिडवत. अण्णांना ऐकू येत नसल्यानं त्यांचं काहीच बिघडलं नाही.

पहिल्यांदा भुकटी भरली तेव्हा मी सुट्टी काढून बरोबर गेले. आई बाहेर आली ती गालाला बर्फ लावून. डॉक्टरनं बजावून सांगितलं, मऊ आणि गार खायचं, तिखट नको, टाक्यांना ब्रश लागू द्यायचा नाही, कवळी घालायची नाही. आईनं सगळं पाळलं. मऊ भात, दूध, वरणाचं पाणी. तिचं तोंड इतकं सुजलं होतं की ओठ हलत नव्हते, आणि अण्णा समोर बसून तिच्या तोंडाकडे बघत होते, काही दिसतंय का म्हणून.

मी जांब्याला परत आले. नंतर काय झालं ते मला आईनंच सांगितलं. अण्णा पौडला जाऊन आले, चांगली पानं घेऊन आले, आणि मागच्या दारी बसून त्यांनी ताजी मिश्री भाजली. नेहमीपेक्षा बारीक कुटली, दोनदा गाळली. सुजेला आराम पडावा म्हणून. डबी भरून तिच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाले, "हलक्या हातानं लाव. बरं वाटंल."

तिनं लावली. आणि तिला बरं वाटलं. मग रोज लावली.

मी पुढच्या वेळी गेले तेव्हा ती म्हणाली, "तोंडात कचकच लागतीया." तिनं तळहात पुढे केला. त्यावर पांढरे बारीक कण होते, भाकरीत वाळू यावी तसे. मी तिला तशीच गाडीवर बसवून नांद्याला नेलं.

डॉक्टरनं धुऊन, पुसून बघितलं. पुसलेला कापूस काळा निघाला. "काकू, हे काय आहे?"

"मिश्री."

डॉक्टरनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "भाजलेली तंबाखू."

ती चाकाच्या स्टुलावर बसून राहिली. तरुण मुलगी, पण रागावली नाही. एवढंच म्हणाली, "मी विचारलं होतं काकू."

"तुमी तंबाखूचं इचारलं व्हतं," आई म्हणाली.

टाके उसवले होते, आतली भुकटी बाहेर येत होती, जे आत होतं ते सडायला लागलं होतं. सगळं काढून साफ करावं लागलं. हिरडी भरून यायला काही महिने, मग पुन्हा पहिल्यापासून. आणि मिश्री बंद, एक बोटसुद्धा नाही, नाहीतर हाड धरणारच नाही. घरी येताना मी कुणावर चिडू ते मला कळेना. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी सगळा राग रस्त्यावर काढला, वाटेतल्या दोन टँकरवाल्यांना शिव्या दिल्या. आई मागे बसून माझ्या पाठीवर थोपटत होती.

आईनं त्या दिवसापासून मिश्री सोडली. हे लिहायला सोपं आहे. तिचं डोकं ठणकायचं, हात थरथरायचे, पोट फुगून बसायचं, रात्री झोप नाही, सकाळी उठल्याबरोबर बोट आपोआप डबीकडे जायचं. जन्मभर एकदाही उलटून न बोललेली बाई म्हणून जिची गावात कीर्ती होती, ती आता शेजारणींवर आवाज काढून ओरडायला लागली. पण तिनं सोडली. माझ्या ओळखीतल्या कुठल्याही सिगारेटवाल्या साहेबाला हे जमलेलं नाही.

अण्णांना मात्र हे कोण सांगणार? ते डबी भरून आणून ठेवत, ती मान हलवून बाजूला सारे. ती सांगायची, डॉक्टरनं नको म्हटलंय, हाड धरायचं नाही. उघड्या हिरडीनं, आत गेलेल्या ओठानं. अण्णा टक लावून बघत आणि त्यांना काही दिसत नसे. मी खुणा करून बघितल्या. दाताकडे बोट, डबीकडे बोट, हातानं नको नको. अण्णा म्हणाले, "दुखतंय व्हय? मंग लाव की म्हनावं." भावानं फोनवर व्हिडिओ लावून खुणा केल्या. त्याच्याकडे बघून अण्णांनी मान हलवली.

त्यांनी आपल्या परीनं विचार केला. पान वाईट निघालं असेल, म्हणून दुसरी पानं आणली. जाड राहिली असेल, म्हणून पुन्हा कुटली. ती तरीही हात लावेना, तेव्हा एका सकाळी त्यांनी डबी उघडून, चिमूट काढून तिच्या तोंडाजवळ नेली, लहान पोराला भरवतात तशी. आईचं डोकं त्या दिवशी फुटायला आलं होतं. तिनं दोन्ही हातांनी त्यांचा हात झटकला. डबी उडाली, सगळी मिश्री जमिनीवर. मी तिथंच होते. कॅलेंडरचा पुठ्ठा घेऊन अण्णांनी ती गोळा केली आणि बाहेर नेऊन टाकली.

त्यानंतर त्यांनी मिश्री भाजली नाही. आणि आईच्या तोंडाकडे बघणंही सोडलं. तिनं दंडाला हात लावला की ते मान वर करत, पण तिच्या कपाळाकडे बघत. दिवसभर ओट्यावर बसून समोरच्या नव्या इमारतीचं काम बघायचे. तिथं खडीचे ट्रक रिकामे व्हायचे. आवाज न येणारी खडी कशी दिसत असेल कोण जाणे.

दुसऱ्यांदा भुकटी भरली तेव्हा सगळं नीट झालं. टाके टिकले, सूज उतरली, फोटोत पांढरी रेघ जाड दिसायला लागली. डॉक्टर खूश झाली. "धरून राहिलं काकू, मस्त धरून राहिलं," ती म्हणाली. आई म्हणाली, लवकर लवकर करा. डॉक्टर म्हणाली, हाडाला घाई नाही करता येत.

आणि मग अण्णांचा दम वाढला. क्रशरच्या धुळीनं फक्त कानच नेले नव्हते. छाती आधीपासून घरघरत होती, त्या थंडीत ती मानेनाशी झाली. चार पावलं चालले की भिंतीला धरून उभे राहायचे. आम्ही त्यांना दवाखान्यात ठेवलं. नाकातोंडावर प्राणवायूचा मास्क, हाताला सुई. आई खाटेच्या कडेला बसायची, तिला उठा म्हणायची कुणाची छाती नव्हती.

त्या दुपारी मी त्यांच्या पायाशी उभी होते. अण्णांनी डोळे उघडले आणि बऱ्याच महिन्यांनी आईच्या तोंडाकडे बघितलं. नीट, पूर्वीसारखं. मग मास्कच्या आतून, सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल अशा त्यांच्या आवाजात त्यांनी विचारलं, "रागावलीस व्हय माज्यावर?"

आई म्हणाली, नाही.

त्यांनी डोळे बारीक केले. "आं?"

आई पुन्हा म्हणाली. तिनं ओठ ताणले, मान हलवली, त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. ती नेहमीसारखी आवाज न काढता बोलत होती, सलग बोलत होती, मिश्रीचं, डॉक्टरचं, हाडाचं, सगळंच सांगत असावी. मलासुद्धा त्यातलं काही समजत नव्हतं. अण्णा बघत राहिले, बघून बघून दमले. आणि म्हणाले, "बोल की. बोलत का न्हाईस?"

त्यांना वाटलं ती गप्प बसली आहे.

त्यानंतर ते शुद्धीवर आले नाहीत. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना चांद्याला आणलं.

दिवस झाले, पाहुणे गेले. आई कोपऱ्यात बसून असायची, कुणाशी बोलायची नाही, आवाजानं नाही आणि ओठांनीही नाही. मी धरून चालले होते की दाताचं प्रकरण संपलं. भावालाही मी तसंच सांगितलं. आणि एक दिवस तीच म्हणाली, "डाक्टरनीला फोन लाव. हाड धरलं असंल."

मी म्हणाले, "काय?" तिनं पुन्हा सांगितलं.

गावात बोलायला निमित्त लागतंच. उचलली जीभ लावली टाळ्याला. "नवरा जाऊन वरीस झालं न्हाई आन हिला दात पायजेत." "आता कुनाला दावायचं?" हे मी पाणी भरत असताना मला ऐकवलं गेलं. मी त्या बाईला तिथल्या तिथं असं काही सुनावलं की ती अजून मला बघून वाट बदलते. आईला मी यातलं काही सांगितलं नाही, पण तिला ते कळलंच असणार. ती डोक्यावरचा पदर घट्ट करून माझ्या गाडीवर बसली आणि म्हणाली, "चल." का, ते मी विचारलं नाही. मला वाटलं, एकदा हाती घेतलेलं काम तिला अर्धवट सोडवत नसेल. किंवा भाकरी चावायची असेल. म्हातारपण अजून पुष्कळ बाकी होतं तिचं.

स्क्रू बसले. पुन्हा थांबणं. तोंडाची मापं, रंग जुळवणं. आईनं फार पांढरे नको म्हटलं, "माजं व्हतं तसंच पायजेत." आणि शेवटी ऊन चटकायला लागलेल्या एका सकाळी दात बसले. डॉक्टरनं चिमट्यानं इकडून तिकडून ठोकून बघितलं, निळा कागद चावायला दिला, थोडं घासलं, पुन्हा चावायला दिला. मी बाजूला उभी होते. खुर्चीतून आईनं माझ्याकडे तोंड वळवलं. वरचा ओठ पुन्हा जागेवर आला होता. चुलीशी बसून ताडताड भांडणारी ती हीच बाई.

डॉक्टरनं तिच्या हातात आरसा दिला. "बोलून पहा काकू. काहीही बोला. काही शब्द अडकून राहिले का ते पाहू."

आईनं आरसा तोंडासमोर धरला. स्वतःच्या डोळ्यांकडे नाही, ओठांकडे बघत. मग ती बोलली. आवाज काही आला नाही.

"आवाज काढा ना काकू," डॉक्टर हसून म्हणाली. "लाजता काय."

आईचं तिकडे लक्षच नव्हतं. ती सावकाश, एकेक शब्द सुटा करून, आरशात बघत म्हणत होती. आरसा जरा लांब धरून पुन्हा म्हणाली, खाटेवर निजलेल्या माणसाला जेवढ्या अंतरावरून दिसेल तेवढा लांब. मी खुर्चीच्या बाजूला होते आणि मला सगळं स्वच्छ दिसत होतं. न्हाई वो. रागावले न्हाई. मी न्हाई रागावले तुमच्यावर.

डॉक्टर हातातला चिमटा तसाच धरून थांबली होती. आईनं आरसा मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"दिसतंय का गं?" तिनं विचारलं.

मी म्हणाले, "दिसतंय."